एका जुन्या छायाचित्रातील विमान

मंडळाची वार्षिक स्मरणिका काढावयाचे ठरले, की आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरोघरच्या जुन्या पेट्या उघडल्या जातात आणि त्यांतून वाडवडिलांची छायाचित्रे, सनदा, मानपत्रे व पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. हे साहित्य पाहून त्यातील प्रसिद्धीयोग्य तेवढे निवडावे व त्याखाली यथार्थ माहिती लिहावी, हे काम मंडळाने आमच्या इतिहास समितीकडे सोपविले आहे. काम वरकरणी सोपे वाटते. परंतु घरातील आठवण आणि कागदावरचा पुरावा यांची गाठ जेथे नीट बसत नाही, तेथे आमची खरी परीक्षा असते. यंदा असाच एक प्रसंग आला. त्यातून आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते सर्व कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून त्याची हकीकत येथे सविस्तर देत आहो.

पुण्यात स्थायिक झालेल्या आपल्या एका कुटुंबाने एक छायाचित्र पाठविले. आकाराने ते तळहाताएवढे असून त्याचा एक कोपरा कसरीने खाल्लेला आहे. चित्रात काळा कोट, धोतर व टोपी अशा वेषातील एक तरुण गृहस्थ एका लहानशा विमानाशेजारी उभे आहेत. हातात मिटलेली छत्री आहे. पायाशी एक भरलेली थैली पडली आहे. विमानाच्या पाठीमागे ओले गवत आणि त्यापलीकडे बुटक्या टेकड्यांची रांग अंधुक दिसते. चित्राच्या पाठीवर निळ्या शाईत लिहिले आहे: "टाटा एअरलाइन्सचे पहिले टपाल विमान. जुहू, ता. १५ ऑक्टोबर १९३२."

हे गृहस्थ टपाल खात्यात नोकरीस होते. विमानातून आलेली टपालाची पहिली थैली त्यांच्या हाती पडली, अशी त्या घरात तीन पिढ्यांची समजूत आहे. सोबतच्या पत्रात कुटुंबाने विनंती केली होती, की हे छायाचित्र स्मरणिकेच्या पहिल्या पानावर यावे. आमच्याही मनात तेच आले, हे आम्ही लपवीत नाही. आपल्या ज्ञातीतील एक साधा टपाल कारकून हिंदुस्थानच्या विमानवाहतुकीच्या पहिल्या दिवशी तेथे हजर होता, यासारखे भूषण कोणत्या मंडळास नको असेल?

तो दिवस खरोखरीच मोठा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एक लहान विमान उडविले. लंडनहून इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत आलेले टपाल पुढे मुंबईस व मद्रासेस पोचविण्याची ही योजना होती. वाटेत अहमदाबादेस ते उतरले, तेथे बैलगाडीतून आणलेले पेट्रोल डब्यांनी विमानात भरण्यात आले, आणि दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढचे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने बळ्ळारीमार्गे मद्रासेस नेले. ना विमानात बिनतारी यंत्र, ना वाट दाखविणारी साधने. खाली दिसणारा किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ हाच नकाशा. या लहानशा टपालसेवेला १९३८ साली टाटा एअरलाइन्स हे नाव मिळाले. तिचीच पुढे १९४६ साली एअर इंडिया झाली, १९५३ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २०२२ साली ती पुन्हा टाटांच्या हाती आली. अशा घटनेशी आपले नाव जोडताना ते चुकून जोडले जाऊ नये, म्हणून आम्ही छायाचित्र छापखान्यात धाडण्यापूर्वी भिंग हातात घेतले.

विमानाची ओळख कशी पटवावी? वैद्य जसा नाडी, जीभ, डोळे क्रमाने पाहतो, तसाच क्रम येथेही धरावा लागतो. प्रथम मोठ्या खुणा, मग मध्यम आणि शेवटी बारीक.

पहिली खूण पंखांची. १९३० च्या आसपास आपल्याकडील विमानक्लबांत जी विमाने शिकण्यासाठी वापरली जात, त्यांना बहुधा एकावर एक असे पंखांचे दोन मजले असत. त्यातील सर्वांत परिचित म्हणजे जिप्सी मॉथ. आगाखानांनी जाहीर केलेल्या इंग्लंड–हिंदुस्थान एकट्याने उडण्याच्या स्पर्धेत १९३० साली अस्पी इंजिनियर, मनमोहन सिंग व जे. आर. डी. टाटा हे तिघेही याच जातीच्या विमानांतून उतरले होते. ती स्पर्धा जिंकणारे अस्पी इंजिनियर पुढे भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. आमच्या छायाचित्रातील विमानास मात्र पंखांची एकच जोडी असून ती अंगाच्या माथ्यावर बसविलेली आहे. तेव्हा जिप्सी मॉथ आणि तिच्या पाठची टायगर मॉथ ही दोन्ही येथेच बाद झाली.

दुसरी खूण बसण्याच्या जागेची. जिप्सी मॉथमध्ये वैमानिकाचे डोके उघड्या वाऱ्यात असे; त्याला चामडी टोपी व चष्मा घालावाच लागे. आमच्या विमानास काचेच्या खिडक्या असलेली बंदिस्त खोली आहे, आणि तिचे दार अर्धवट उघडे आहे. म्हणजे हे प्रवासासाठी केलेले, साध्या कपड्यांत बसता येईल असे विमान आहे.

तिसरी खूण यंत्राची. जुन्या जिप्सी यंत्राचे चार नळकांडे उभे असून ते विमानाच्या नाकावर डोके वर काढून असत, व त्यामुळे वैमानिकाला समोरचे नीट दिसत नसे. पुढे कारखान्याने हेच यंत्र उलटे टांगले. नळकांडी खाली गेली, पंखा वर आला, आणि नाक वरून उतरते व खालून पोटाळलेले दिसू लागले. आमच्या चित्रातील नाक असेच आहे. यावरून यंत्र उलटे, म्हणजे साधारणतः १९२९ नंतरच्या घडणीचे, हे निश्चित झाले.

माथ्यावर एकच पंख, बंद खोली, उलटे यंत्र: या तीन खुणा एकत्र केल्यावर इंग्लंडातील डी हॅविलंड कारखान्याचे विमान डोळ्यांपुढे येते. त्या कारखान्याचे संस्थापक जेफ्री डी हॅविलंड यांना फुलपाखरे व पतंग गोळा करण्याचा छंद होता. म्हणून त्यांनी आपल्या लहान विमानांना पतंगांचीच नावे दिली. मॉथ म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग. त्यातील पस मॉथ हे विमान सप्टेंबर १९२९ मध्ये प्रथम उडाले. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून आणलेले विमान पस मॉथच होते, आणि त्यावर व्ही.टी.–ए.डी.एन. ही अक्षरे होती. येथवर आल्यावर आमचा आनंद गगनात मावेना. घरातील समजूत खरी ठरण्याच्या बेतात होती.

अक्षरांची गोष्ट येथेच सांगून टाकावी. प्रत्येक देशाच्या विमानांना ठरावीक आद्याक्षरे असतात. हिंदुस्थानास १९२९ पासून व्ही.टी. ही अक्षरे मिळाली व ती आजही चालू आहेत. त्यापुढील तीन अक्षरे त्या एका विमानाची स्वतःची. ती पूर्ण वाचता आली, तर नोंदवहीवरून विमानाची जात, मालक व नोंदणीचे वर्ष सारेच उलगडते. छायाचित्रातील विमानाच्या अंगावर व्ही.टी.–ए. एवढी अक्षरे स्पष्ट वाचता येतात, पण नेमकी पुढची दोन त्या गृहस्थांच्या खांद्यामागे दडली आहेत! तथापि एवढ्यावरूनही दोन गोष्टी कळल्या. विमान हिंदुस्थानातच नोंदलेले होते. आणि अक्षरे सुलट वाचता येत असल्याने छायाचित्र उलटे छापलेले नव्हते. दुसरी गोष्ट क्षुल्लक नव्हे. काच उलटी ठेवून छापलेल्या चित्रात डावे ते उजवे होते, आणि मग दार कोणत्या बाजूस, धूरनळी कोणत्या बाजूस, यांवरून काढलेली सर्व अनुमाने फसतात.

आता एकच शंका उरली होती, आणि तिनेच आमचा आनंद हिरावून घेतला. पस मॉथला एक धाकटा भाऊ आहे. त्याचे नाव लेपर्ड मॉथ. दोघांचे रूप इतके सारखे, की घाईने पाहणारा हमखास फसावा. पस मॉथच्या पंखांचा पसारा ३६ फूट ९ इंच, तर लेपर्ड मॉथचा ३७ फूट ६ इंच. केवळ नऊ इंचांचा फरक. तो छायाचित्रात कोण मोजणार? दोघांचेही पंख मागे दुमडता येतात. दोघांच्याही चाकांच्या पायांवरील पत्र्याचे आवरण आडवे फिरवून उतरताना वेग कमी करता येतो. ज्या खुणा दोघांतही आहेत, त्या ओळख पटविण्यास निरुपयोगी. म्हणून जेथे दोघे भाऊ वेगळे पडतात, तेवढ्याच जागा शोधाव्या लागल्या. अशा तीन जागा सापडल्या.

पहिली जागा पंखांची कड. पस मॉथचा पंख बुंध्यापासून टोकाजवळपर्यंत सारख्याच रुंदीचा असून फक्त टोकास गोलावा आहे. लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होत जातो. आमच्या चित्रातील पंख निमुळता दिसतो. पण येथे एक सावधगिरी हवी. रेल्वेचे समांतर रूळ दूरवर एकमेकांस मिळाल्यासारखे दिसतात. त्याच न्यायाने सरळ पंखही दूर गेल्यास निमुळता भासेल. आम्ही पुन्हा भिंग लावले. चित्रातील पंख छायाचित्रकाराच्या दिशेने पुढे आलेला आहे. म्हणजे त्याचे टोक आपल्याजवळ आहे आणि बुंधा दूर. पंख सरळ असता, तर जवळचे टोक रुंद दिसावयास हवे होते. ते उलट अरुंद दिसते. म्हणजे हा दृष्टीचा भास नसून पंखच निमुळता आहे.

दुसरी जागा चाकांचे पाय. पस मॉथमध्ये धक्का शोषून घेणाऱ्या पायाचे वरचे टोक खोलीच्या पुढच्या भागाशी, पंखाच्या बुंध्याखाली जाऊन मिळते. लेपर्ड मॉथमध्ये ते त्याहून पुढे, यंत्र आणि खोली यांच्यामधील भिंतीशी जोडलेले असते. आमच्या चित्रात पाय तिरका पुढे झुकून यंत्राच्या पाठीस टेकलेला स्पष्ट दिसतो.

तिसरी जागा आतील बैठका. पस मॉथमध्ये वैमानिक व उतारू एकामागे एक बसत. तिसऱ्याची सोय करावयाची तर अंग चोरून करावी लागे. तिचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता. लेपर्ड मॉथचे अंग हलक्या लाकडी फळ्यांचे केल्यामुळे वजन वाचले; तेव्हा वैमानिक पुढे मध्यभागी एकटा आणि त्याच्यामागे दोन उतारू शेजारीशेजारी, अशी ऐसपैस मांडणी करता आली. अर्धवट उघड्या दारातून आमच्या चित्रात मागची बैठक दिसते, आणि ती खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पसरलेली आहे.

तीन स्वतंत्र साक्षीदारांनी एकच जबानी दिली, की शंकेस जागा राहत नाही. छायाचित्रातील विमान लेपर्ड मॉथ आहे. आणि लेपर्ड मॉथचे पहिले विमान इंग्लंडात आकाशात गेले ते २७ मे १९३३ रोजी. जे विमान १९३३ च्या उन्हाळ्यापर्यंत जगात उडालेच नव्हते, ते १९३२ च्या ऑक्टोबरात जुहूस कसे उतरणार?

वाचक म्हणतील, की विमानाच्या पायाची दांडी चार बोटे पुढे आहे की मागे, याचा इतका कीस कशासाठी? तर अशा दांड्यांनीच माणसे जगली आणि मेली आहेत. पस मॉथ जातीच्या काही विमानांचे पंख हवेत असतानाच मोडले व आतील माणसे प्राणास मुकली. त्यांची कसून चौकशी झाली आणि पंखांचे टेकू बळकट करण्यात आले. विमानाच्या अंगावरची प्रत्येक दांडी कोणत्या तरी अनुभवातून आलेली असते. म्हणूनच ती आपल्याला काळ सांगू शकते.

या दोन भावांची गफलत होण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या पहिल्या टपालउड्डाणाची स्मृती म्हणून जे. आर. डी. टाटांनी १९६२ साली तीस वर्षांनी व पुन्हा १९८२ साली पन्नास वर्षांनी कराची ते मुंबई असे उड्डाण केले. १९८२ साली त्यांचे वय ७८ होते, आणि त्या वेळचे विमान लेपर्ड मॉथ होते. त्यामुळे 'टाटांचे पहिले विमान' असे शब्द कानी पडले, की कित्येकांच्या डोळ्यांसमोर लेपर्ड मॉथच उभे राहते.

छायाचित्राच्या पुढील बाजूने एवढे सांगितल्यावर आम्ही त्याची पाठ नीट पाहिली. हे आम्ही आधीच करावयास हवे होते. त्यावरील मजकुराने स्वतःचीच साक्ष दिली. 'टाटा एअरलाइन्स' हे नाव १९३८ सालचे. १९३२ साली लिहिणारा माणूस ते कोठून लिहिणार? शिवाय अक्षरे बॉलपेनची होती. रेघ सर्वत्र सारख्या जाडीची, आणि कागदावर दाबाचा वळ उठलेला. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत बॉलपेन सामान्य माणसाच्या खिशात आलेले नव्हते. तात्पर्य, मजकूर छायाचित्राबरोबरचा नव्हता. तो पुष्कळ मागाहून कोणी तरी लिहिलेला होता.

ही हकीकत पत्राने कळविणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. समितीतील आम्ही दोघे त्या घरी गेलो. गृहस्थांचे चिरंजीव आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापुढे छायाचित्र, भिंग आणि दोन्ही विमानांची चित्रे ठेवून आम्ही सर्व समजावून दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे आमचे वडील घरात खोटे सांगत आले, असे का समजावयाचे?"

या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. आम्ही एवढेच विचारले, की पाठीवरचे अक्षर वडिलांचे आहे काय? त्यांनी छायाचित्र पालथे केले, चष्मा पुसला, आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. "नाही," ते म्हणाले, "अक्षर माझे आहे."

मग त्यांना एकेक आठवू लागले. १९६२ साली ते कॉलेजात होते. टाटांच्या त्या तीस वर्षांनंतरच्या उड्डाणाची बातमी त्यांनी वृत्तपत्रात वाचली, घरातील छायाचित्र काढले, आणि वडिलांपुढे धरून विचारले, "हेच ना ते विमान?" वडील मितभाषी. ते नुसते हसले. मुलाने त्या हसण्याचा अर्थ होकार असा घेतला आणि नवीन घेतलेल्या पेनने पाठीवर ओळ लिहून टाकली. पुढे वडील वारले. ओळ राहिली, आणि ओळीचीच गोष्ट झाली.

"मग ते स्वतः काय सांगत?" आम्ही विचारले.

"ते जुहूचे कधी बोललेच नाहीत," चिरंजीव म्हणाले. "ते बोलत येरवड्याच्या चिखलाचे. पावसाळा आला, की म्हणत, आमच्या वेळी थैली डोक्यावर घेऊन घोट्याएवढ्या चिखलातून विमानापर्यंत जावे लागे, आणि विमान उतरण्याआधी मैदानातली गुरे हाकलावी लागत. आम्हा मुलांना वाटे, विमान तर जुहूस उतरले. हा चिखल येरवड्यास कोठला? वयोमानाने त्यांचा गोंधळ होतो, असे आम्ही समजत असू."

गोंधळ त्यांचा नव्हता. जुहूचे मैदान समुद्रसपाटीस लागून असल्याने पावसाळ्यात पाण्याखाली जाई. त्यामुळे टाटांच्या टपालसेवेचे बिऱ्हाड दर पावसाळ्यात विमानांसह उठून पुण्यास येई, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावरून विमाने उडत. ही गोष्ट स्वतः जे. आर. डी. टाटांनीच पुढे अनेकदा सांगितली आहे. आम्ही चिरंजीवांना छायाचित्रातील मिटलेली छत्री, ओले गवत आणि मागची टेकड्यांची रांग दाखविली. जुहूच्या सपाट किनाऱ्यावर अशा टेकड्या नाहीत. त्यानंतर त्यांनी कपाटातून वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे कागद काढले. त्यावरून वडिलांची नेमणूक १९३३ पासून पुण्यासच होती असे दिसले. जी आठवण घरातल्यांनी पन्नास वर्षे चुकीची म्हणून बाजूस ठेवली होती, तीच खरी होती. आणि जी अभिमानाने भिंतीवर टांगली होती, तीच चुकीची.

चिरंजीव काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांनी सांगितलेले आम्ही ऐकलेच नाही म्हणायचे." आम्हांस वाटते, या सबंध शोधातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच होय.

आता या छायाचित्राखाली काय छापावे, याचा आम्ही समितीत विचार केला. काही सभासदांचे मत पडले, की 'टाटांच्या टपाल विमानाशेजारी, येरवडा' असे लिहावे. परंतु त्या काळी लेपर्ड मॉथसारखी विमाने संस्थानिक, विमानक्लब आणि हौशी वैमानिक यांच्याजवळही असत; आणि पायाशी पडलेल्या थैलीवर वाचता येईल असे एकही अक्षर नाही. एक चूक दुरुस्त करताना तिच्या जागी दुसरी, अधिक गोड चूक बसविण्याचा अधिकार आम्हांस नाही. म्हणून पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच छापले आहे: "टपाल खात्यातील आपले एक ज्ञातिबांधव लेपर्ड मॉथ जातीच्या विमानाशेजारी. पावसाळ्याचे दिवस. १९३३ नंतर." आणि त्याखाली वेगळ्या ओळीत, कुटुंबाची आठवण म्हणून, येरवड्याच्या चिखलाची हकीकत दिली आहे. छायाचित्र पहिल्या पानावर नाही. पण आहे ते खरे आहे, आणि चिरंजीवांनी ते वाचून संमती दिली आहे.

पहिल्या दिवशी हजर असण्याचा मान थोड्यांनाच मिळतो. टाटांनी विमान जुहूस उतरविले ती घटना इतिहासात नोंदली गेली. परंतु टपालसेवा एका दिवसाने चालत नाही. ती पुढे पावसाळ्यामागून पावसाळे चालली, ती ज्यांनी थैल्या वाहिल्या, गुरे हाकलली, पेट्रोलचे डबे रिते केले, त्यांच्या बळावर. त्यांच्या नावाचे फलक लागलेले नाहीत. आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ त्या निनावी माणसांपैकी होते, आणि त्याचा त्यांना एवढा अभिमान होता, की मुलाने दुसराच मोठा मान देऊ केला तेव्हा ते केवळ हसले. आमच्या मते हे भूषण जुहूच्या भूषणापेक्षा कमी नाही.

शेवटी सर्व कुटुंबांना आमची नम्र विनंती. घरातील जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर पेनाने काही लिहू नये. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. माणसाचे नाव, ठिकाण व वर्ष ही तिन्ही लिहावी, आणि त्याखाली लिहिणाराचे नाव व लिहिल्याची तारीख अवश्य घालावी, म्हणजे पुढच्या पिढीस कोणता शब्द केव्हाचा हे कळेल. जे ठाऊक आहे ते आणि जे अंदाजाने लिहिले ते, वेगवेगळे ठेवावे. चित्रातील माणसांइतकेच त्यांच्या मागे काय आहे तेही पाहावे: गाडी, विमान, दुकानाची पाटी, डोंगर, हातातली छत्री. मुकी म्हणून आपण ज्यांच्याकडे पाहत नाही, त्याच वस्तू पुढे साक्षीला उभ्या राहतात.

आणि मुख्य म्हणजे, ज्यांची छायाचित्रे आहेत ती वडीलधारी माणसे अद्याप आपल्यांत असतील, तर त्यांच्याजवळ बसून त्यांना आधी बोलू द्यावे. "हेच ना ते?" असे विचारू नये. "हे काय आहे?" असे विचारावे.